क्लोरीन बंद करण्याचा ठराव

वाचकाचा प्रश्न: पुण्याच्या हद्दीलगतच्या एका सोसायटीत राहणाऱ्या पस्तिशीतल्या बाईंचं हे पत्र आहे. सोसायटीला पालिकेचं पाणी अर्धंमुर्धं मिळतं, बाकीची गरज बोअर आणि टँकरवर भागते. वर्षभरापासून खालच्या टाकीत रोज क्लोरीनचं द्रावण सोडलं जातं. बाईंचे सासरे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. तिथल्या टेक्निशियननं एकदा बोलता बोलता सांगितलं, की यंत्राच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर रक्तपेशी फुटतात. शिवाय जंतू नुसते मारून भागत नाही, मेलेल्या जंतूंचं विष पाण्यात राहतं. ही गोष्ट बाईंच्या यजमानांच्या मनात घर करून बसली. ते सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि क्लोरीन बंद करण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडणार आहेत. ‘आधी जंतू मारायचे, मग त्यांचं विष प्यायचं आणि वर क्लोरीनही प्यायचं, हा कुठला शहाणपणा? घरोघरी आरओ आहेच की,’ असं त्यांचं म्हणणं. बाईंना ते पटतं आणि पटतही नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे. 2025 च्या जानेवारीत जवळच्याच भागात जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली होती, ती धास्ती अजून मनातून गेलेली नाही. त्या विचारतात: यजमान म्हणतात ते खरं का? आणि खरं नसेल, तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा न करता ते सांगायचं कसं?

ताई,

डायलिसिस केंद्रात तुमच्या यजमानांनी जे ऐकलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे आधीच सांगून टाकते. तिथून घरी आल्यावर ज्याला सोसायटीच्या टाकीची काळजी वाटते, तो माणूस बेफिकीर नाही. घोटाळा पुढे झाला. रक्ताला जे चालत नाही ते पोटालाही चालणार नाही, असं त्यांनी धरून टाकलं आणि तुम्हीही त्यांच्यामागून तेच धरलंत. पत्रभर तुम्ही विचारता की पाण्यात विष असतं का. मला त्याआधी दुसरंच विचारावंसं वाटतं: ते विष तयार कुठे होतं, आणि शरीरात कुठल्या वाटेनं शिरतं?

सासऱ्यांच्या यंत्राचा हिशोब मांडून बघा. डायलिसिस चालू असताना मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रव यंत्रातून वाहतो. चार तासांत झाले 120 लिटर, आठवड्यात तीन वेळा म्हणजे 360 लिटर. तुम्ही-आम्ही चारेक महिन्यांत जेवढं पाणी पितो, तेवढं त्यांच्या रक्ताच्या शेजारून एका आठवड्यात जातं. मध्ये असतो फक्त एक पातळ सच्छिद्र पडदा. जठरातलं आम्ल नाही, आतड्याचं अस्तर नाही, आणि आतड्यातून शोषलेलं जे आधी यकृताकडे जातं तो टप्पाही नाही. त्यामुळे तिथले नियम कडक असतात. एकूण क्लोरीन लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून यंत्राच्या आधी कार्बनच्या टाक्या बसवलेल्या असतात. मेलेल्या जंतूंच्या भिंतीचे जे तुकडे असतात, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, त्यांचीही मोजणी होते आणि मिलिलिटरमागे पाव एककाच्या आत ते ठेवावे लागतात. हे तुकडे रक्तात गेले तर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळतो. उकळूनही ते सहजी नाहीसे होत नाहीत. टेक्निशियननं सांगितलं ते हेच, आणि पाणी यंत्रात सोडायचं असेल तर ते बरोबरच आहे.

आता तेच पाणी तोंडाने पिऊन बघू. क्लोरीन लाळेशी, अन्नाशी, जठरातल्या रसाशी भिडतं आणि तिथेच खर्ची पडतं. ते क्लोरीन म्हणून रक्तापर्यंत पोचतच नाही. आयुष्यभर रोज प्यायच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं मार्गदर्शक मर्यादा ठेवली आहे लिटरमागे 5 मिलिग्रॅम. आपल्याकडचं प्यायच्या पाण्याचं मानक, आयएस 10500, नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (म्हणजे खर्ची न पडता उरलेलं) असावं असं म्हणतं. दोन आकड्यांत केवढं अंतर आहे बघा. राहिले भिंतीचे तुकडे. ते तर आपल्या प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात अहोरात्र खच्चून भरलेले असतात, कारण तिथे अब्जावधी जंतू जगत आणि मरत असतात. पेलाभर पाण्यातून त्यात जी भर पडेल ती कुठेच लागत नाही. सासऱ्यांनाही नाही. ते दिवसाकाठी जे मोजकं पाणी पितात ते क्लोरीनयुक्त असलं तरी त्यांना त्रास होत नाही. डॉक्टरांनी पाण्याचं जे माप ठरवून दिलं आहे ते पाळणं जास्त महत्त्वाचं.

‘एंडोटॉक्सिन सोडा, पण कॉलऱ्याचं विष तर खरं विष आहे ना?’ असं तुमचे यजमान विचारतील, आणि विचारावंच. ते शोधलंही आपल्याकडेच, कोलकात्यात. शंभूनाथ डे यांनी 1959 साली ‘नेचर’मध्ये छोटासा निबंध छापला. कॉलऱ्याचे जंतू वाढवलेल्या द्रवातून त्यांनी जंतू पूर्ण गाळून टाकले आणि उरलेला निर्जंतुक द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. जंतू एकही नाही, तरी रोगाचं लक्षण हजर. (एवढ्या मोठ्या कामाची त्यांच्या हयातीत आपल्या देशानं फारशी दखल घेतली नाही, याची मला अजूनही चीड येते.) या प्रयोगाकडे वरवर बघितलं तर तुमच्या यजमानांचीच बाजू बळकट झाल्यासारखी वाटते.

पण डे यांनी वापरलेला द्रव जंतूंना भरपूर खाऊ घालून, उबेत वाढवून मिळवलेला होता, आणि तो थेट आतड्यात सोडला होता. टाकीतल्या पाण्यात जंतू उपाशी असतो. चमचाभर विरजण बादलीभर पाण्यात पडलं तर त्याचं काही होत नाही, कोमट दुधात पडलं तर सकाळी भांडंभर दही लागतं. जंतूच्या दृष्टीनं टाकी म्हणजे ती बादली आणि आपलं आतडं म्हणजे ते दूध. कॉलऱ्याचं विष बनतं ते जंतू आतड्याला चिकटून वाढायला लागल्यावर. जंतूला टाकीतच मारलं तर विष बनवायला कुणी उरत नाही. पाण्यात तुरळक थोडं बनलेलं असलंच, तर ते प्रथिन असतं. क्लोरीन त्याची मोडतोड करतं, नंतर जठरातलं आम्ल आणि पाचक रस करतात. ज्या बोटुलिनम या जंतूच्या विषाच्या नावानं लोकांना कापरं भरतं, तेही क्लोरीनपुढे टिकत नाही.

आता थोडं लांबचं सांगते, कारण तुमच्या घरात मूत्रपिंडाचा आजार आहे आणि ही गोष्ट मूत्रपिंडाशी येऊनच थांबते. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन नावाचं गाव आहे. पाचएक हजार वस्ती, आजूबाजूला शेती आणि गोठे. 2000 सालच्या मे महिन्यात तिथे धो धो पाऊस झाला आणि शेतातलं शेण गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं. त्यात ई कोलाय ओ157 हा जंतू होता, आणि कॅम्पायलोबॅक्टरही. क्लोरीन सोडायची सोय होती. पण पाणीपुरवठा बघणाऱ्यांना वाटायचं की आपलं पाणी मुळातच शुद्ध आहे. ते स्वतः विहिरीचं कच्चं पाणी प्यायचे. लोक क्लोरीनच्या चवीबद्दल तक्रार करायचे, म्हणून ते कमी सोडायचे, आणि रोजच्या वहीत न मोजताच 0.5 किंवा 0.75 असे आकडे भरायचे. सुमारे 2300 माणसं आजारी पडली, सात दगावली. 27 जणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि त्यात बरीचशी लहान मुलं होती.

मूत्रपिंडं बिघडवणारं ते विषही जंतूचंच होतं, शिगा टॉक्सिन. तेसुद्धा विहिरीत बनलेलं नव्हतं. मुलांच्या पोटात जंतू वाढले, विष तिथे बनलं आणि रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत पोचलं. या जंतूचे शंभराच्या आत नगही आजारी पाडायला पुरतात. आणि हाच जंतू साध्या क्लोरीननं सहज मरतो. पुढे न्यायालयीन चौकशी झाली. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती, असा तिचा निष्कर्ष होता. यजमानांना काही एकच वाचायला द्यायचं असेल तर वॉकर्टनचं द्या. ‘विषाला घाबरून क्लोरीन बंद’ हे वाक्य तिथे किती उलटं पडतं ते त्यांना आपोआप दिसेल.

तुमच्या भागातल्या जीबीएसबद्दलही दोन शब्द. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात तेव्हा दोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा आजार जंतूच्या विषानं होत नाही. या जंतूच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती कधीकधी चुकून मज्जातंतूंवरच तुटून पडतात. त्यासाठी आधी जिवंत जंतूचा संसर्ग व्हावा लागतो, आणि तोही फार थोड्या जणांत या थराला जातो. कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनला फारच नाजूक आहे. म्हणजे ज्या आजाराची तुम्हाला धास्ती आहे, त्याच्या जंतूला टाकीत अडवणारी गोष्टच बंद करायचा ठराव येतो आहे.

आता तुमच्या यजमानांचं जिथे खरं ठरतं त्या जागेकडे येते. ती जागा लहान आहे, पण आहे, आणि टँकर घेणाऱ्या सोसायटीनं ती ओळखायलाच हवी. तलावात हिरवी साय धरणारे काही जंतू असतात. लोक त्यांना शेवाळ म्हणतात, पण ते सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांच्यातले काही पाण्यातच, स्वतःच्या पेशीत विष बनवून ठेवतात. आतड्याची त्यांना गरज पडत नाही. अशा पाण्यात जंतू मारले की पेशी फुटते आणि विष पाण्यात मोकळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर 1979 मध्ये नेमकं असंच झालं. धरणातल्या हिरव्या थरावर मोरचूद टाकलं, थर मेला, आणि काही दिवसांत दीडशेच्या घरात माणसं आजारी पडली, बहुतेक मुलं. अमेरिकेत टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष मिळालं, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका, असं सांगावं लागलं. उकळल्यानं हे विष जात नाही. उलट पाण्याची वाफ झाली की उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं. आणि ब्राझीलच्या कारुआरूत 1996 साली जे घडलं ते तर डायलिसिस केंद्रातच घडलं. केंद्राला तलावाचं पाणी टँकरनं येत होतं, त्यावर पुरती प्रक्रिया झालेली नव्हती, आणि यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण गेले.

तेव्हा क्लोरीनवर सगळं सोडून देता येत नाही, हे यजमानांचं म्हणणं या एका बाबतीत मान्य करा. खरं तर पुरेसं मुक्त क्लोरीन आणि पुरेसा वेळ दिला तर ते मायक्रोसिस्टिनचीही मोडतोड करतं, फक्त पाण्याचा सामू (पीएच) आठच्या खाली असावा लागतो. पण सोसायटीच्या टाकीत हे जमवत बसायचं नाही. त्याआधीच पाणी नाकारायचं. उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्याकडे किंवा एखाद्या शहरी तलावाकडे जो हिरवा तवंग दिसतो, तसलं पाणी टँकरमध्ये आलं, पाण्याला हिरवट छटा किंवा कुबट, मातकट वास असला, तर टँकर परत पाठवा. त्यात दुप्पट क्लोरीन ओतून ते ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. टँकर कुठून भरला हे दर वेळी वहीत लिहून घ्यायला सांगा. चालक कुरकुरेल, कुरकुरू दे.

अन्नाची गोष्ट वेगळी. उघड्यावर राहिलेला खवा, सकाळी शिजवून दिवसभर बाहेर ठेवलेला भात, यांत जंतू विष आधीच बनवून ठेवतात आणि ते पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. मेलेल्या जंतूंच्या विषाची इतकी काळजी असेल तर ती फ्रीजबाहेरच्या भातासाठी राखून ठेवावी, टाकीसाठी नको.

‘घरोघरी आरओ आहेच’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त हरकत आहे. आरओ चांगलं चालत असेल तर जंतूही अडवतं आणि विषंही. पण त्यात आधी कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून घेतो. म्हणजे आरओच्या छोट्या टाकीत साठलेल्या पाण्याला काही राखण उरत नाही. नळी, तोटी, हात लावलेला तांब्या, कुठूनही जंतू शिरला की तो तिथे आरामात राहतो. आणि आरओचं पाणी पितं कोण? तुमची मुलगी दात घासते ते बेसिनच्या नळानं. खाली खेळताना तहान लागली की बागेतल्या नळाला तोंड लावते. भाज्या धुतल्या जातात साध्या पाण्यानं. वॉचमन, इस्त्रीवाले, घरकाम करणाऱ्या मावशी दिवसभर पाणी पितात ते टाकीचंच. ठराव मांडणाऱ्याच्या घरात मशीन असतं म्हणून टाकीवर अवलंबून असलेली माणसं त्याच्या हिशोबातून सुटतात. यजमानांनी हे मुद्दाम केलेलं नाही, पण सभेत ही माणसं नसणार, तेव्हा त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. मूत्रपिंडाच्या रुग्णाची प्रतिकारशक्तीही कमी झालेली असते, म्हणजे टाकीत जंतू वाढले तर पहिला फटका तुमच्याच घरात बसू शकतो.

आता ठरावाचं काय करायचं ते बोलू. माझ्या मते तो पाडायच्या फंदात न पडता बदलून घ्यावा. ‘क्लोरीन बंद’ऐवजी ‘क्लोरीन मोजून’ असा तो मांडला, तर तुमच्या यजमानांचा मुद्दाही राहतो आणि सोसायटीचा फायदाही होतो. कारण खरं सांगायचं तर रोज अंदाजानं द्रावण ओतणाऱ्या सोसायट्यांवरही माझा विश्वास नाही. कधी वास मारेल एवढं, कधी अजिबात नाही, असं चालतं. बाजारातलं द्रावण उन्हात ठेवलं की भराभर कमजोर होतं. ब्लीचिंग पावडरचंही तेच: ताजी असताना त्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, पोतं उघडं राहिलं की ते उडत जातं.

मोजायचं म्हणजे काय ते सांगते, आणि हे गावाकडच्या वाचकांनाही उपयोगी पडेल. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं माप हजार लिटरला 5 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं. दहा टक्क्यांचं ताजं द्रव असेल तर हजार लिटरला 15 मिलिलिटर, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅम होतं. त्यानंतर अर्धा तास थांबायचं, लगेच पंप चालू करायचा नाही. मग टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी घेऊन तपासायचं. गावात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकतात आणि पिवळा रंग बघतात. डीपीडीची गोळी टाकून गुलाबी रंग बघायचा किट मिळाला तर तो अधिक भरवशाचा. तपासणीचं पाणी फेकून द्या, पिऊ नका. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम मिळालं की झालं. तारीख, वेळ, आकडा आणि मोजणाऱ्याची सही वहीत. न मोजता आकडा भरायचा नाही, वॉकर्टन आठवा.

आणि शून्य आलं तर? तेवढंच द्रावण घालूनही काल 0.4 होतं आणि आज शून्य आहे, याचा अर्थ पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी नवीन आलं आहे. सांडपाण्याची पाइप झिरपत असेल, बोअरजवळची सेप्टिक टँक पावसात भरली असेल, टाकीत गाळ साचला असेल, टँकर दुसरीकडून आला असेल. असं झालं की आधी कारण शोधायचं, तोवर सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगायचं. नुसत्या जंतूंसाठी उकळणं पुरतं. क्लोरीनचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग हाच आहे: ते जंतू मारतंच, पण ते संपलं की काहीतरी बिघडलंय हे आपल्याला त्याच दिवशी कळतं. यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा हे सांगत नाही. दिव्याखालून पुढे गेलेलं पाणी पाइपमध्ये पुन्हा दूषित झालं तर त्याला काही करताही येत नाही.

क्लोरीनच्या मर्यादाही सभेत झाकून ठेवू नका. गढूळ पाण्यात ते मातीच्या कणांआड लपलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून पाणी आधी निवळ हवं. सेंद्रिय घाण जास्त असेल तर क्लोरीनशी मिळून काही नको ती रसायनं बनतात. त्यावर उपाय घाण कमी करणं हा आहे, क्लोरीन काढून टाकणं नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत त्यानं चार लाख लोकांची पोटं बिघडवली. बोअरमधलं नायट्रेट किंवा फ्लोराइड क्लोरीननं हलत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा पावसानंतर, टाक्या धुवा आणि पाण्याची रासायनिक व जैविक तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. जैविक नमुन्याची बाटली निर्जंतुक लागते आणि ती थंड ठेवून लवकर पोचवावी लागते, म्हणून प्रयोगशाळेकडूनच घ्या. 100 मिलिलिटरमध्ये ई कोलाय एकही चालत नाही.

एक कळकळीची सूचना. क्लोरीनचं द्रावण आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच खोलीत ठेवू देऊ नका, आणि एकाच बादलीत तर कधीच नाही. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो. या सगळ्या चर्चेत क्लोरीननं माणसाला खरोखर इजा होण्याची शक्यता कुठे असेल तर ती तिथे, त्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला आहे. त्याला हातमोजे आणि चष्मा द्या.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. यजमानांना सभेत खोटं पाडू नका, आणि घरी जेवताना वॉकर्टनवर व्याख्यानही देऊ नका. त्यांचा विश्वास त्या टेक्निशियनवर आहे. पुढच्या वेळी सासऱ्यांना घेऊन तुम्ही दोघं जा आणि यजमानांनाच विचारू द्या: ‘तुम्ही म्हणालात ते यंत्राच्या पाण्याबद्दल होतं, की घरी प्यायच्या पाण्याबद्दलही?’ जमलं तर नेफ्रॉलॉजिस्टनाही हाच प्रश्न विचारा. ज्याच्या तोंडून भीती आली त्याच्याच तोंडून खुलासा आला, तर माघार घेतल्यासारखं वाटत नाही. त्यांना माहिती कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी एका जागची माहिती दुसऱ्या जागी नेली, एवढंच. आणि वडिलांना आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत बघणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे. त्यांच्या मनात सोसायटीच्या टाकीपेक्षा वडिलांचं रक्त जास्त आहे. तुम्ही बोलायला सुरुवात तिथून केलीत तर पुढचं सोपं जाईल.

एवढं करूनही ते अडून बसले, तर तुम्ही सेक्रेटरींना लेखी पत्र द्या: क्लोरीन चालू की बंद हा विषय मताला टाकण्याआधी एका महिन्याची मोजणीची वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल सभेपुढे ठेवावा. पत्रात यजमानांचं नाव नको, विरोधही नको. शक्य असेल तर ते पत्र देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. मोजणीची जबाबदारी त्यांच्याकडेच यावी असंही सुचवून बघा. जो माणूस विषाबद्दल इतका सावध आहे, तो रोज सकाळी किट घेऊन शेवटच्या नळापाशी जाईलच.

क्लोरीनच्या वासाची तक्रार सभेत हमखास येईल. पिण्याचं पाणी उघड्या भांड्यात थोडा वेळ झाकणाशिवाय ठेवलं की वास कमी होतो, माठातही तो जातो. पण वास गेला म्हणजे राखणही गेली, तेव्हा ते पाणी त्याच दिवशी संपवा आणि माठात हात न बुडवता ओगराळ्यानं काढा. ज्यांच्याकडे आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि पिंपात साठवावं लागतं, त्यांनी पहिल्या दिवसाच्या क्लोरीनवर सातव्या दिवशी विसंबू नये. आशाताई वाटतात ते मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या प्यायच्या भांड्यापुरत्या वापराव्यात, बाटलीवरचं माप आणि मुदत बघून.